भरवशाची भाकरी

आपल्या मराठी म्हणींना भरवशाचे मोठे वावडे आहे. भरवशाची म्हणून जिला पेंड चारली त्या म्हशीला नेमका टोणगा होतो. देवावर हवाला ठेवून बसलेल्या माणसाची ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणून टर उडवली जाते. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही एकच म्हण काय ती भरवशाच्या बाजूने उभी आहे, आणि तीही आपल्याला बहुधा संकट टळून गेल्यावर आठवते. संकट दारात असताना आपण आठवतो तो विम्याचा हप्ता.

यात हसण्यासारखे काही नाही. संसारी माणसाला निर्धास्तपणा हवाच असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण पाटावर नाणी मांडतो, त्या नाण्यांत आजच्या सुखापेक्षा उद्याची काळजीच अधिक असते. मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न, म्हातारपणची औषधे, घराचे हप्ते! बँकेतली ठेव, भविष्य निर्वाह निधी, विम्याची पॉलिसी हे आपले आधुनिक अष्टविनायक. त्यांचे दर्शन घेतल्यावाचून आपल्याला झोप येत नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. धर्मशास्त्र हा माझा विषय नव्हे, आणि जन्माने मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांचे दर्शन घेतल्याशिवाय संक्रांत साजरी होत नाही. पण मराठी वाङ्मय शिकवता शिकवता दोन बायकांशी माझा फार जवळचा परिचय झाला. एक पंडिता रमाबाई आणि दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. दोघीही ब्राह्मणाच्या घरी जन्मल्या, दोघीही पुढे ख्रिस्ती झाल्या आणि दोघींनीही देवावरच्या भरवशाविषयी असे काही जगून दाखवले, की आपल्या ‘खाटल्यावरी’च्या म्हणीचा पुन्हा एकदा विचार करावा लागतो. तोच विचार आज वाचकांपुढे ठेवावा म्हणते.

आधी सगळे गेले

ख्रिस्ती धर्मात जाणे म्हणजे सोयीची वाट धरणे, अशी एक समजूत आपल्याकडे जुनी आहे. दुष्काळात मिशनऱ्यांनी धान्य दिले आणि लोक बाटले, असे आपण सहज बोलून जातो. त्यात अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या सोलापूर-नगर भागात दुष्काळामागून दुष्काळ आले. 1876-77 चा दुष्काळ, पुन्हा 1896-97 चा आणि लगेच 1899-1900 चा. ज्याच्या पोटात चार दिवस अन्न नाही तो भाकरी देणाऱ्या हाताकडे पाहणारच. त्या हाताची जात आणि धर्म तो कशाला विचारील?

पण ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी, की त्या काळी घरंदाज माणसाने ख्रिस्ती होणे म्हणजे होती नव्हती ती सगळी सुरक्षितता स्वतःच्या हाताने विहिरीत टाकणे होते. जात गेली म्हणजे आप्त गेले, पंक्ती गेल्या, मुलांची लग्ने गेली. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क बुडू नये म्हणून सरकारला 1850 साली कायदा करावा लागला. धर्मांतर केलेल्याला त्याच्या नवऱ्याने किंवा बायकोने टाकले तर काय करायचे, यासाठी 1866 साली आणखी एक कायदा झाला. कायदे उगीच होत नसतात. घरे मोडत होती म्हणून ते झाले. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तर बापाला न्यायालयात जाऊन मुलगा परत मिळवावा लागला. आणि मुलगा मिळाल्यावर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर शहरात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू घेतली, तर त्यांनाही बोल सोसावे लागले.

तेव्हा रमाबाई आणि लक्ष्मीबाई ज्या दारातून आत गेल्या त्या दारावर ‘सुरक्षितता’ अशी पाटी नव्हती. ती त्यांना आत गेल्यावर, पुष्कळ वर्षांनी, आणि निराळ्याच रूपात भेटली.

ज्या मुलीचे देव रुसले

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करणारा माणूस! पुढे दैवाचे फासे फिरले आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. पाठीवर बिऱ्हाड, मुखी पुराण आणि हाती मिळेल ती दक्षिणा.

1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. रमाबाईंनी पुढे या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे, ती वाचताना अंगावर काटा येतो. जवळ होते नव्हते ते द्रव्य या कुटुंबाने देवाला आणि दानधर्माला वाहिले, व्रते केली, जप केले. शास्त्रात लिहिले आहे त्याप्रमाणे देव प्रसन्न होईल आणि धन देईल, असा त्यांचा पक्का भरवसा होता. धन आले नाही. मजुरी करण्याची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज होती. वडील गेले, मागोमाग आई गेली, बहीणही गेली. उरली ही विशीच्या आतली मुलगी आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघे अनवाणी, अर्धपोटी, हजारो मैल चालत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले.

पुढचे आपण शाळेत शिकलो आहो. कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण पदवीने दैव बदलत नाही. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी तिने जातिबंधन मोडून लग्न केले. मुलगी झाली, मनोरमा. आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी आणि माहेर-सासर दोन्हीकडून शून्य!

मला नेहमी वाटते, की या मुलीने पुढे कधीच कोणत्याही देवावर विश्वास ठेवला नसता तर तिला नावे ठेवायचा अधिकार कोणाला होता? देवावर हवाला ठेवणाऱ्या बापाचे काय झाले, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. पण तिने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. मरताना बापाने तिला जवळ घेतले आणि सांगितले, की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, जन्मभर त्याचीच हो आणि त्याचीच सेवा कर. बापाच्या मनातला देव कोणता आणि मुलीला पुढे सापडला तो कोणता, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मुलीने मात्र ते सोपवणे खरे मानले.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली! पण रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे ते अधिक विचार करण्यासारखे आहे. आपण ख्रिस्ती धर्म 1883 साली स्वीकारला खरा, परंतु खुद्द ख्रिस्त आपल्याला त्यानंतर आठ वर्षांनी सापडला, असे त्या म्हणतात. आधी बुद्धीला पटले, मग मनाला निवारा मिळाला. धर्म बदलणे आणि भरवसा ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या प्रांजळपणे सांगणारे थोडे.

हिशेबाची वही आणि प्रार्थनेची चटई

1889 च्या 11 मार्चला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. बालविधवांना शिकवणारी ही शाळा. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदनाचा खर्च अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे चालवायचे कबूल केले होते. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेले. तेथे मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असा बोभाटा होऊन 1893 साली मोठे वादळ झाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या पालकांनी सदनात धर्म शिकवणार नाहीत या भरवशावर मुली ठेवल्या होत्या त्यांना फसल्यासारखे वाटले असेल, तर त्यांचेही काही चुकले असे मला म्हणवत नाही. आणि माझ्या खोलीचे दार उघडे ठेवून मी माझ्या देवाची प्रार्थना करीन, येईल तिला अडवणार नाही, असे म्हणणाऱ्या रमाबाईंचेही मला वाकडे दिसत नाही. दोन सरळ माणसांत वाद होतो तो असाच.

याच सुमारास रमाबाईंच्या वाचनात तीन पुस्तके आली. एक जॉर्ज म्यूलर यांच्या कामाचे, दुसरे चीनमधल्या एका मिशनचे आणि तिसरे जॉन पेटन या मिशनऱ्याच्या चरित्राचे. यातले म्यूलर मोठे विलक्षण गृहस्थ. मूळचे प्रशियाचे, जन्म 1805 चा. इंग्लंडात ब्रिस्टल येथे 1836 साली त्यांनी अनाथ मुलांसाठी घर काढले आणि 1898 साली वारले तोवर दहा हजारांवर मुलांना आश्रय दिला. त्यांचा नेम असा, की कोणापुढे हात पसरायचा नाही. जे मागायचे ते फक्त देवापाशी. रमाबाईंनी ही पुस्तके वाचली आणि त्यांच्या मनात एक अगदी देशी प्रश्न उभा राहिला. इतर देशांत देवावर असा भरवसा ठेवता येतो, तर मग हिंदुस्थानात का ठेवता येऊ नये? येथला देव काय निराळा आहे?

उत्तर लवकरच द्यावे लागले. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचे ते जुने दिवस आठवले असतील. त्या उठल्या आणि निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांवरून त्यांनी सुमारे तीनशे मुली गोळा करून आणल्या. त्यात पुण्यात प्लेग! शहरात एवढ्या मुली ठेवायची सोय राहिली नाही, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. तेच पुढे ‘मुक्ति’ झाले. इकडे अमेरिकेतल्या मंडळाची दहा वर्षांची मुदत 1898 साली भरली. खाणारी तोंडे वाढतच होती. 1900 च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी मुली आल्या आणि मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आता जरा गृहिणीच्या नजरेने पाहा. घरात दोन पाहुणे अवचित आले तर आपण डब्यातले पीठ मनाशी मोजतो. येथे दोन हजार पाने रोज! वर्षभराची बेगमी नाही, कायमचा कोणी दाता नाही. ख्रिस्ताने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात भाकर मागितली आहे ती आजची. वर्षाची नव्हे, महिन्याचीही नव्हे. आपण ही प्रार्थना ऐकतो तेव्हा ती साधी वाटते. दोन हजार मुलींच्या पुढ्यात उभे राहून ती म्हणायची म्हणजे छातीला कोट हवा.

पण वाचकहो, खरी मौज पुढेच आहे. देवावर इतका भरवसा ठेवणारी ही बाई खाटेवर बसून राहिली नाही. मुक्तीत शेती होती, विहिरी होत्या, गाईगुरे होती, माग होते. मुली शिवत, विणत, रांधत, शिकवत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. छापखाना होता आणि त्यात खिळे जुळवण्यापासून सगळी कामे बायकाच करीत. वंचनेला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. आणि आलेल्या पैशाचे अहवाल छापून लोकांपुढे ठेवले जात. प्रार्थनेची चटई आणि हिशेबाची वही या दोन्ही एकाच खोलीत होत्या. भरवशाने त्यांचे हात बांधले नाहीत, मोकळे केले. उद्याच्या भीतीत जी शक्ती आपण जाळतो ती त्यांनी आजच्या कामाला लावली, एवढाच काय तो फरक!

लक्ष्मीबाईंचा जमाखर्च

रमाबाई डोंगराएवढ्या. त्यांच्याकडे पाहताना मान दुखते. लक्ष्मीबाई टिळक मात्र आपल्या शेजारच्या वाटतात. वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मुली पहिल्या तासालाच त्यांच्या मैत्रिणी होतात.

नारायण वामन टिळक हे कवी, आणि कवी असावा तितके बेहिशेबी. दाराशी आलेल्याला घरातले द्यायचे आणि स्वतःच्या घरी काय शिजणार याचा पत्ता नाही, असा त्यांचा खाक्या. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू. त्या आपल्या बहिणीच्या आश्रयाला आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात येऊन राहिल्या. एकीकडे पांडुरंगाची पंढरी, दुसरीकडे ख्रिस्ताच्या मागे गेलेला नवरा, आणि मधे ही कमी शिकलेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली, विनोदाचा झरा न आटलेली बाई.

काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे गेल्या, त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कडक. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मग राहुरीला असताना एके दिवशी त्यांच्या मनात विचार आला, की ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांचे त्यांनीच शोधले आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे ठरवून टाकले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांपूर्वी जी गोष्ट मरणासारखी वाटली होती ती आता घरी परतण्यासारखी वाटली.

मात्र ‘स्मृतिचित्रे’ वाचून कोणी असे समजू नये, की लक्ष्मीबाई काळजी करायच्या थांबल्या. त्यांचा देवावर विश्वास होता, पण टिळकांच्या व्यवहारावर काडीचाही नव्हता! 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणवून घेतले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. पगार सुटला की काळजी घरधनिणीची. संन्याशाचा भरवसा आणि गृहिणीचा भरवसा यांत हे अंतर आहे. संन्यासी म्हणतो, देव देईल. गृहिणी म्हणते, देव देईलच, पण तोवर डाळीत थोडे पाणी वाढवते.

9 मे 1919 ला टिळक गेले. पन्नाशी ओलांडलेली ही बाई मग मुंबईला मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन झाली. पुढे कराचीला मुलाकडे राहिली. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभून अर्धेमुर्धे ठेवले होते. त्याचे साठांवर अध्याय तिने लिहिले. आणि मराठीतले एक अजोड आत्मचरित्र लिहून ती 1936 साली गेली. निर्धास्त कोणाला म्हणायचे? मला वाटते, पन्नाशीनंतर नव्या शहरात नवी नोकरी धरून वर हसू शकणाऱ्या बाईला.

आमच्या बोळातली सिस्टर

ही झाली पुस्तकातली माणसे. पण पुस्तकातले खरे आहे की नाही हे शेवटी बोळात समजते.

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. 1877 साली येथे पहिली गिरणी सुरू झाली आणि पुढे शंभर वर्षे या गावाचा दिवस भोंग्यावर उगवला आणि मावळला. गिरणीतली नोकरी म्हणजे सरकारी नोकरीच्या खालोखाल, अशी समजूत. मुलगी देताना लोक विचारीत, जावई गिरणीत आहे ना? मग एकेक भोंगा मुका होत गेला. माझे वडील ज्या गिरणीत साच्यावर होते ती 1990 नंतरच्या दशकात बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. फंडाचे आणि थकल्या पगाराचे पैसे मिळायला वर्षे गेली. बोळातल्या दहा-बारा घरांत एकाच महिन्यात चूल मंदावली.

त्यांतले एक घर ख्रिस्ती होते. घरधनी गिरणीत, बाई दवाखान्यात नर्स. सगळा बोळ तिला ‘सिस्टर’ म्हणे, आम्ही मुले ‘सिस्टरमावशी’. ते घर अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचे ख्रिस्ती. हे मिशन 1813 साली मुंबईत आले आणि 1860 नंतरच्या दशकात सोलापुरात स्थिरावले, म्हणजे गिरणीच्याही आधी.

गिरणी बंद झाल्याची बातमी आली त्या रात्री माझी आई सिस्टरमावशींकडे जाऊन बसली. मीही पदराला धरून गेले. आई म्हणाली, “सिस्टर, आता कसं व्हायचं हो?” मावशी म्हणाल्या, “कसं व्हायचं ते देवाला ठाऊक, वहिनी. उद्या सकाळी काय करायचं ते मला ठाऊक आहे. मी रात्रपाळ्या मागून घेते. तुम्ही कडक भाकऱ्या करून द्या, दवाखान्यातल्या बायका विकत घेतील. मी बोलते त्यांच्याशी.” आणि मग त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. आईनेही हात जोडले. तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे सिद्धेश्वर होता, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी पहाटे चारला भाकऱ्या थापल्याचा आवाज येऊ लागला. त्याच भाकऱ्यांवर मी एम. ए. झाले.

येथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण सिस्टरमावशींच्या यजमानांना त्या धक्क्यानंतर दुखणे लागले ते लागलेच. मावशींनी रात्रंदिवस शुश्रूषा केली, प्रार्थनाही केली. ते दोन वर्षांत गेले. मी तेव्हा मोठ्या अकलेची झाले होते, म्हटले, “मावशी, तुमच्या देवाने ऐकलं नाही.” त्या म्हणाल्या, “ऐकलं गं. नाही म्हणाला.” आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून पांढरी साडी नेसायला उठल्या.

देव नाही म्हणतो तेव्हा

हा प्रश्न टाळून भरवशावर लेख लिहिणे म्हणजे वाचकांची फसवणूक. देवाने दिले की भरवसा खरा, असे मानले तर तो भरवसा व्यापार झाला. नफा होईतो दुकान उघडे, तोटा आला की फळी लागली. रमाबाईंच्या बापाचा भरवसा काहीसा असा होता, असे त्यांच्याच लेखणीतून दिसते. इतके दान दिले, इतके धन येईल. ते आले नाही तेव्हा मोडायला दुसरे काही उरले नाही, माणसेच मोडली.

रमाबाईंचा स्वतःचा भरवसा कसाला लागला तो 1921 साली. मुक्तीचा सगळा भार मनोरमाबाईंवर सोपवायचा, अशी त्यांची मनीषा. मुलगी तशीच तयार झाली होती. आणि 24 जुलै 1921 रोजी चाळिशी गाठलेली मनोरमा आईच्या आधी गेली. त्रेसष्ट वर्षांच्या आईच्या हाताशी तेव्हा एक काम होते. बायबलाचे साध्या बायकांना समजेल अशा मराठीत भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. त्यांनी ते सोडले नाही. भाषांतर पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी डोळे मिटले. पुस्तक छापून बाहेर पडले ते त्यांच्या मागे, मुक्तीच्याच छापखान्यात.

अशा वेळी मला आपले तुकोबा आठवतात. 1630 चा दुष्काळ, घरात अन्नान्न दशा, बायको गेली, मूल गेले, दिवाळे निघाले. दुसरा एखादा देवाला शिव्या देऊन मोकळा झाला असता. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. टिळक म्हणत, की मी ख्रिस्ताकडे गेलो तो तुकोबांच्या पुलावरून. त्याचा अर्थ मला अलीकडे कळू लागला आहे. सगळे गेल्यावर जो उरतो त्याच्याशी नाते जोडायचे, ही गोष्ट या मातीला परकी नव्हती. नाव निराळे, मंदिर निराळे, प्रार्थनेची भाषा निराळी. पण हात सोडायचा नाही हा हट्ट तोच.

तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेतली सुरक्षितता म्हणजे संकट न येण्याची हमी, असे मला या बायकांकडे पाहून वाटत नाही. त्यांच्यावर आली तेवढी संकटे आपल्या सात पिढ्यांवर येऊ नयेत. त्यांना मिळाली ती निराळीच वस्तू होती. आपण एकटे नाही, आपल्याला कोणी टाकले नाही, जातीने टाकले, गावाने टाकले, दैवाने टाकले, तरी एक हात असा आहे की तो सोडणार नाही, ही खातरी. ही खातरी ज्याला असते तो दुसऱ्याच्या मुली सांभाळू शकतो, अपुरे काव्य पुरे करू शकतो, नवऱ्याच्या दुखण्यात रात्रपाळी करून पुन्हा शेजारणीच्या भाकऱ्याही विकून देऊ शकतो. ज्याला ती नसते तो तिजोरीला तीन कुलपे लावूनही रात्री उठून कडी तपासतो.

मी वाचकांना धर्म बदला असे सांगत नाही, विम्याचे हप्ते भरू नका असेही सांगत नाही. मी स्वतः ते तारखेच्या आधी भरते. एवढेच सुचवावेसे वाटते, की यंदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नाणी मांडताना आपल्या बोळात कोणाची चूल मंदावली आहे, हेही जरा आठवावे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले, की थोड्या वेळाने केडगावचे स्थानक येते. बऱ्याच गाड्या तेथे थांबत नाहीत. पण रमाबाईंचे मुक्ति आजही तेथे उभे आहे आणि निराधार बायकामुलांचे पान आजही तेथे वाढले जाते. शंभर वर्षांवर ज्या घराची उद्याची भाकरी उद्याच आली, त्या घराने एकाही दिवाळीला दार लावून घेतले नाही.